परसातल्या पाकोळ्या: जून ते नोव्हेंबर 2024 च्या नोंदी

रविवार, 9 जून 2024

मृग लागला. काल रात्री पहिली दमदार सर पडली आणि आज सकाळी खुरपं मातीत अलगद उतरायला लागलं. फुलपाखरं आणि पतंगांची वही आजपासून सुरू करते.

जागा कोल्हापुरात सानेगुरुजी वसाहतीतल्या आमच्या घरामागची. तीस फूट लांब, बारा फूट रुंद. आधीपासूनची झाडं म्हणजे एक लिंबू, दोन कढीपत्ते, तगर, अनंत, जास्वंद, खिडकीच्या गजांवर चढलेली गुळवेल आणि भिंतीच्या कोपऱ्यात आपोआप उगवलेली रुई. आई (माझ्या सासूबाई) रुईला हात लावू देत नाहीत, मारुतीची म्हणून.

गेल्या वर्षी मी नर्सरीतून भरपूर फुलझाडं आणली होती. फुलपाखरं आली, रस प्यायली आणि निघून गेली. वर्षभरात एक अंडं दिसलं नाही. कारण उघड होतं. पानं कुरतडलेली दिसू नयेत म्हणून मी दर पंधरा दिवसांनी औषध मारत होते. फुलांवर येणारं फुलपाखरू मला हवं होतं, पण त्याची अळी नको होती.

यंदा औषध पूर्ण बंद. निंबोळी अर्कसुद्धा नाही, त्यानंही अळ्या मरतात. आणि फुलांआधी पानांचा विचार करायचा, कारण प्रत्येक जातीची मादी ठरावीक झाडांवरच अंडी घालते. म्हणून या आठवड्यात लावलं ते असं: पानफुटी, घोळ, टाकळा, खुळखुळा, एरंड. टाकळा तर रस्त्याकडेचाच उपटून आणला, चार रोपं भाजीला आणि सहा मातीत. फुलांसाठी पेंटास, इक्झोरा, सदाफुली. रात्रीच्या पाहुण्यांसाठी रातराणी, निशिगंध आणि आईंच्या माहेरून आणलेलं गुलबासाचं बी. घाणेरी मुद्दाम लावली नाही. फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात हे खरं, पण एकदा पसरली की खाली गवताची काडी उगवू देत नाही.

रविवार, 23 जून

कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यावर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळे, गोल दाणे. सात मोजले. शेजारच्या फांदीवर दोन अळ्या, पण त्या अळ्या आहेत हे कळायला मला पूर्ण मिनिट लागलं. काळपट तपकिरी अंग, मध्ये पांढरा डाग, ओलसर चमक. चिमणी शिटून गेली असंच वाटतं. लिंबावर वाढणारं फुलपाखरू आणि बहुरूपी नावाचं दुसरं फुलपाखरू, दोघांच्याही लहानपणीच्या अळ्या अशाच असतात, त्यामुळे कोणाची ते अजून सांगता येत नाही. शेवटची कात टाकल्यावर त्या हिरव्यागार होतील, तेव्हा बघू.

लेकीनं काडीनं हळूच टोचलं, तर डोक्यामागून तांबूस, दोन फाट्यांचं शिंग झर्रकन बाहेर आलं आणि उग्र आंबूस वास सुटला. क्षणात परत आत. मुंगी किंवा कोळी जवळ आला की हेच करतात. पुन्हा टोचायचं नाही असं ठरलं.

भिंतीवरून शेजारच्या काकूंनी बघितलं. "अगं, समदं झाड खाऊन टाकायल्यात की! औषध मार जरा."

मी म्हटलं, "काकू, झाडं दोन आहेत. फोडणीला एक पुरतंय, दुसरं त्यांचं."

काकूंना पटलेलं दिसलं नाही.

शुक्रवार, 5 जुलै, अमावास्या

ही नोंद लिहिताना वाईट वाटतंय.

मागच्या दाराबाहेरची पांढरी एलईडी पट्टी काल रात्रभर चालू राहिली. पहाटे साडेपाचला दार उघडलं तर भिंतीवर पन्नासेक पतंग चिकटलेले आणि खाली फरशीवर नुसते पंख. बुलबुलाची जोडी आणि एक दयाळ, तिघांची न्याहारी चालली होती. पाल छतापाशी फुगून बसलेली. एवढे पतंग आपल्या परसात आहेत हे कळलं तेच मुळी मेलेल्यांच्या पंखांवरून.

मग आज संध्याकाळी मुद्दाम दहा मिनिटं पट्टी लावून नीट बघितलं. लहानपणापासून आपण ऐकतो, पतंग दिव्यावर झेप घेतो. प्रत्यक्षात तो दिव्याकडे सरळ येतच नाही. बाजूनं उडताना तिरपा होतो, पाठ दिव्याकडे करतो आणि घिरट्या घालत राहतो. दिव्याच्या वर गेला की पार उलटा होऊन दगडासारखा खाली पडतो. यंदा जानेवारीत इम्पीरियल कॉलेज लंडनच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी नेमकं हेच टिपलंय. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून उजेडाकडे पाठ ठेवली की कीटक सरळ उडतो. आपला दिवा आडवा आला की त्याला वर-खाली कळेनासं होतं. ओढ नव्हे, वाट चुकणं आहे ते. दहा मिनिटं झाल्यावर मी दिवा बंद केला, तर निम्मे पतंग दोन मिनिटांत निघून गेले.

पट्टी काढून टाकली. जागी पाच वॉटचा पिवळा बल्ब, तोही लागेल तेवढाच.

शनिवार, 20 जुलै

आजपासून पतंग सप्ताह. जुलैच्या अखेरीस जगभर हा आठवडा पाळतात, 2012 पासून. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या आसपास आणि पतंगांच्या दहा हजारांवर, तरी आपण नावं कोणाची शिकतो तर फुलपाखरांची. पतंगांना मराठीत नावंच थोडी.

आजोबांचं जुनं पांढरं धोतर दोरीवर ताणून बांधलं, समोर दिवा ठेवला, साडेआठ ते साडेदहा. मध्येच काळोख करायचा, म्हणजे आलेले मोकळे होतात. उद्या गुरुपौर्णिमा. चांदण्या रात्री पतंग दिव्याला कमी येतात, पण ढग इतके दाट होते की चंद्र असून नसल्यासारखा. बारीक भुरभुर, वारा नाही. नऊनंतर धोतर भरायला लागलं.

बोटाच्या पेराएवढे हिरवे, पंख सपाट पसरून कापडाला चिकटलेले. इंग्रजीत यांना पाचू म्हणतात आणि रंग तसाच. टी अक्षरासारखे पंख धरणारे पिसाऱ्याचे पतंग, काडीइतके बारीक. असोटा, केशरी पोटाचा, पुढच्या पंखावर पांढरी शीर. याची अळी उंबराच्या जातीच्या झाडांवर वाढते, आणि कोपऱ्यावर उंबर आहेच. एकूण 31 वेगवेगळे फोटो, त्यातले नऊ ओळखता आले. उरलेले 'मॉथ्स ऑफ इंडिया' या संकेतस्थळाच्या पानांशी ताडून बघते आहे.

लेकीनं मिशा बघायला शिकून घेतलं. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी. एका नराच्या मिशा कंगव्यासारख्या होत्या, त्यानं तो अंधारात मादीचा वास हुंगतो. भिंग धरून ती बराच वेळ हललीच नाही.

शुक्रवार, 26 जुलै

पंचगंगा धोका पातळीच्या वर. राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची खूण कधीच बुडाली. नदीकाठची मावशी दोन ट्रंका आणि मांजर घेऊन आमच्याकडे आली आहे. निरीक्षण नाही.

रविवार, 11 ऑगस्ट

रुई. आज दिवसभर तिच्यापाशीच होते.

बिबळ्या कडव्याची मादी साडेनऊला आली. नारिंगी पंख, काळी टोकं, त्यावर पांढरे ठिपके. पानावर उतरली, पुढचे पाय चार-पाच वेळा पानावर आपटले. पायांनीच चव घेतात त्या. मग पोट वळवून पानाच्या खालच्या बाजूला एकच अंडं, आणि दुसऱ्या पानाकडे. अकरा पानं, अकरा अंडी.

आठ दिवसांपूर्वीच्या अळ्या आता दीड इंच झाल्यात. पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या मऊ तंतूंच्या तीन जोड्या. एक अळी खायला सुरुवात करताना बघितली. देठाजवळची जाड शीर तिनं आधी कुरतडली. तिथून चीक भळभळला. ती मागे सरली, तोंड पानाला पुसलं, थांबली. चीक ओसरल्यावर पुढं जाऊन शीर तुटलेल्या भागापलीकडचं पान खायला लागली. म्हणजे पानाचा नळ आधी बंद केला आणि मग जेवायला बसली. रुईचं विष ती अंगात साठवते आणि तेच फुलपाखरात उतरतं. म्हणून हे फुलपाखरू इतकं सावकाश, बिनधास्त उडतं. एकदा चाखलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

आता अडचण. दर शनिवारी गल्लीतले एक आजोबा मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं न्यायला येतात. काल त्यांनी तोडलेल्या पानांत दोन अळ्या आणि बरीच अंडी गेली. मी त्यांना घरात बोलावून भिंगातून अंडं दाखवलं. बराच वेळ बघितलं त्यांनी. म्हणाले, "सूनबाई, पानं उलटी करून बघून तोडतो. मारुतीला काय, अकरा मिळाली तरी चालत्यात." पुढच्या शनिवारसाठी ज्या फांदीवर अंडी नाहीत तिला मी लाल दोरा बांधून ठेवणार आहे.

भिंतीवरच्या चार कोषांपैकी दोन हिरवे, सोनेरी ठिपक्यांचे, ठीक आहेत. उरलेले दोन मळकट तपकिरी पडले आणि खाली पांढरट धागा लोंबायला लागला. धाग्याच्या खाली फरशीवर गव्हाच्या दाण्यासारखे तांबूस कोष. माशीचे. माशी अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिची पिल्लं आतून अळीला खातात. लेक रडली. मलाही माशीचे कोष फेकून द्यावेसे वाटले, पण नाही फेकले. त्या माशीचीही नोंद याच वहीत हवी.

आणखी एक. घोळीच्या कुंडीवर दुपारी दुसरा बिबळ्या कडवा आला, असं मी लिहिलं होतं. ते खोडलं. कडवा घोळीवर अंडी कशाला घालेल? फोटो मोठा केला तर मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळ्या ठिपक्यांऐवजी एकच ठिपका, आणि कडा नागमोडी. ही छोट्या चांदव्याची मादी. तिला विष नाही, पण वेष मात्र विषारी कडव्याचा. तिचा नर अगदी निराळा, काळा, पांढऱ्या गोलांना जांभळी झाक. झाड बघून फुलपाखरू ओळखायचं, हे आज पक्कं डोक्यात बसलं.

शनिवार, 24 ऑगस्ट

तगरीखाली काळ्या मिऱ्यांसारखी विष्ठा. मान वर करून शोधलं तर पाच अळ्या, करंगळीएवढ्या जाड, पोपटी. डिवचलं गेलं की डोकं आत घेतात आणि मानेवरचे दोन निळे-पांढरे डोळे मोठे होतात. ते खरे डोळे नव्हेत. कण्हेरीवर आणि तगरीवर वाढणारा हिरवा मोठा पतंग, इंग्रजीत ओलिअँडर हॉक मॉथ, त्याच्या या अळ्या. आठवड्यात तगरीचा एक बाजूचा शेंडा बोडका झाला.

काकू आज फवारणीचा पंप घेऊनच दारात. चांगल्या मनानं आल्या होत्या, तगर मरेल म्हणून. त्यांना म्हटलं, झाड जुनं आहे, महिन्यात फुटेल. नाही फुटलं तर मी तुम्हाला सांगेन.

संध्याकाळी एक अळी रंग बदलून तपकिरी झाली आणि झाडावरून उतरून अंगणभर धावत सुटली. कोषात जायची जागा शोधत असावी. सुकी पानं आणि माती घातलेल्या कुंडीत ठेवली. पंधरा मिनिटांत पानांखाली गेली. गेल्या वर्षी मी रोज पालापाचोळा झाडून घंटागाडीला देत होते. त्या पाचोळ्यातून किती कोष गेले असतील.

पानफुटीच्या मांसल पानांत आतल्या आत काळे बोगदे. लाल-काळ्या-पांढऱ्या रेड पिएरो फुलपाखराची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहते. पान उजेडात धरलं की दिसते.

मंगळवार, 10 सप्टेंबर, गौरी आवाहन

पाणवठ्यावरून गौर आणली. जुडीत तेरडा होताच. घरात आणून पाट मांडताना आई म्हणाल्या, "हे बघ गं, गौरीबरोबर कोण आलंय."

तेरड्याच्या देठावर काळसर अळी. दोन्ही बाजूंना डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग, पुढचे पिवळ्या कडेचे. मागच्या टोकाला बारीक शिंग, आणि चालताना ते शिंग पुढं-मागं, पुढं-मागं हलत होतं, झाडलोट केल्यासारखं. थेरेट्रा नावाच्या पतंगाची अळी, तेरडा हे तिचं आवडतं झाड. आईंनी ती काढून टाकू दिली नाही. तेवढी डहाळी वेगळी करून तांब्यात ठेवली, गौरीशेजारी. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांनी गौरीनंतर ती अळी बघितली. तिघींनी फोटो काढले. काकू म्हणाल्या, "देवीचं पाखरू हाय म्हणायचं."

आणि कुंडीतला कोष काल रात्री फुटला. सकाळी कुंडीच्या काठावर तो बसला होता. मखमली हिरवा, त्यात गुलाबी आणि पांढऱ्या लाटा, कोणी रंग कालवून हातानं ओढल्यासारख्या. दिवसभर तसाच. साडेसातला पंख थरथरवायला लागला. थंड अंगानं त्याला उडता येत नाही, आधी स्नायू तापवावे लागतात. साधारण दोन मिनिटं नुसती थरथर, मग सरळ वर, लिंबाच्या शेंड्यावरून पलीकडे.

रविवार, 22 सप्टेंबर

गुलबासापाशी बसण्याचा सहावा दिवस. पद्धत अशी: पावणेसात ते साडेसात, खुर्ची हलवायची नाही, टॉर्चला लाल जिलेटीन, मोबाइल आत.

गुलबास चारनंतर उमलतो आणि वास सुटतो तो अंधार पडता पडता. फुलाची नळी लांब आणि मध तळाशी. मधमाशीची जीभ तिथं पोचत नाही. सहा पन्नासला पहिला पतंग आला तो आधी ऐकू आला, घुर्रर असा, कानाजवळून. फुलावर बसला नाही. हवेत एका जागी थांबून त्यानं गुंडाळलेली सोंड उलगडली. अंगापेक्षा सोंड लांब! ती नळीत घातली, एक-दीड सेकंद, आणि पुढचं फूल. फुलाबाहेर डोकावणारे तांबडे परागतंतू त्याच्या छातीला घासत होते. सहा दिवसांत तीन संध्याकाळी पिवळा बल्ब चालू ठेवला, तीन संध्याकाळी बंद. चालू असताना मिळून चार भेटी, बंद असताना सतरा. सहाच दिवस आहेत, वारा-पावसाचाही फरक असेल, म्हणून यावरून काही ठाम म्हणत नाही. पण बल्ब आता संध्याकाळी लागणार नाही. आई म्हणाल्या, त्यांच्या माहेरी गुलबास असाच काळोखात असायचा.

दिवसा पेंटासवर पारदर्शक पंखांचा जाड पतंग येतो. भुंगाच वाटतो. अनंताच्या पानांवर वाढतो हा. कोषातून बाहेर येताना पंखांवर करडी भुकटी असते, पहिल्या उड्डाणात ती झडते आणि पंख काचेसारखे होतात. तगरीला नवी पालवी. काकूंना बोलावून दाखवली.

रविवार, 6 ऑक्टोबर

खुळखुळ्याच्या वाळलेल्या शेंगांवर सकाळी नऊला कडव्यांची आणि हबशी फुलपाखरांची गर्दी, एकदम चौदा. मध नाही, फूल नाही, वाळक्या देठाला सोंड लावून बसलेत. त्यातून मिळणाऱ्या कडू द्रव्यापासून नर मादीला ओढणारा गंध तयार करतात. वाळली म्हणून रोपं उपटणार होते, राहू दिली. अंबाबाईला जायचं होतं, त्यामुळे आज एवढंच.

शनिवार, 26 ऑक्टोबर

गुऱ्हाळं सुरू झालीत. नवऱ्याच्या मित्रानं काकवीची बरणी पाठवली. निम्मी भाकरीला, निम्मी पतंगांना. काकवीत पिकून काळं पडलेलं केळं कुस्करलं, दोन दिवस झाकून आंबवलं आणि लिंबाच्या खोडाला रुंद ब्रशनं फासलं.

दिव्याला न येणारे यावर आले. संध्याकाळी आधी सांजेला उडणारं तपकिरी फुलपाखरू, ईव्हनिंग ब्राउन. पावसाळ्यात त्याच्या पंखांखाली ठळक डोळे होते, आता ते जवळपास पुसलेत आणि पंख वाळक्या पानासारखे झालेत. गवत सुकलं तसं त्यानं सोंग बदललं. साडेआठला एक मोठा पतंग, मिटलेला तर सुकं पानच. हलला तेव्हा खालून भगवे पंख झळकले, त्यावर काळा पट्टा. फळं भोसकणारा हा, याची सोंड इतकी टोकदार की मोसंबीची साल फोडते. बागाईतदार याला शत्रू मानतात आणि त्यांचं नुकसान खरं आहे. पण तो आमच्याकडे का आला ते मी लगेच खिडकीपाशी जाऊन बघितलं. याची अळी गुळवेलीवर वाढते. टॉर्च मारला तर खालून तिसऱ्या पानावर काळपट अळी, अंगाची कमान करून, दोन डोळे वटारून.

रविवार, 17 नोव्हेंबर

रात्रीचा गारवा वाढला. काल दीड तासात धोतरावर फक्त पाच पतंग. गुलबासाचं बी काळं झालंय, पाच पुड्या बांधल्या. एक काकूंची, त्यांनी मागून घेतली. त्यांच्या कढीपत्त्यावर तीन अळ्या आहेत, असंही सांगितलं.

सहा महिन्यांत परसात पूर्ण वाढ झालेल्या, म्हणजे अंड्यापासून किंवा अळीपासून पंखांपर्यंत बघितलेल्या जाती आठ. नुसत्या येऊन गेलेल्या फुलपाखरांच्या 34. पतंगांचा आकडा अजून घालत नाही, निम्मे फोटो ओळखायचे आहेत. राज्याचं फुलपाखरू नीलवंत दोनदा वरून गेलं, खाली उतरलं नाही. लिंबाच्याच कुळातली झाडं लागतात त्याला. पपनसाचं रोप जूनमध्ये लावायचं. सापसंदाच्या वेलीचं बी अजून मिळालेलं नाही.

दिवाळीच्या आधी मागची भिंत रंगवायची होती. रंगाऱ्यांना कोपऱ्यातली दोन हात जागा सोडायला सांगितली. तिथं बहुरूपीचा कोष आहे, एका धाग्यानं कंबरेला बांधून घेतलेला, भिंतीसारखाच तपकिरी. 27 ऑक्टोबरला अळी तिथं चिकटली. बाकीचे दहा-बारा दिवसांत फुटले, हा फुटला नाही. हात न लावता बघितलं, वजनदार आहे, रंग टिकून आहे. थंडीतले काही कोष तसेच थांबून राहतात, म्हणून वाट बघणार. शेजारी लेकीनं पाटीवर खडूनं लिहून ठेवलंय: "झोपला आहे. पाणी मारू नये."